१२५ की १५०? रोजच्या बाइकसाठी इंजिन कसं निवडावं

१२५ सीसीची बाइक घेऊ की १५० ची, असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: मागे रोज कुणी बसतं का? जवळजवळच्या दोन इंजिनांतला फरक पुष्कळदा त्या मागच्या सीटवरच ठरतो. म्हणून गाड्या बघायला जाण्याआधी आठवडाभर टिपण ठेवा. रोज किती किलोमीटर होतात, किती वेळा डबल सीट जाता, वाटेत चढ किती, मोकळ्या रस्त्यावर वेगाचा काटा कुठे असतो. वर्षातून एकदाच होणाऱ्या लांबच्या सहलीसाठी इंजिन निवडू नका.

मग दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवा. सीसी म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना व्यापतो ती जागा. तेवढ्यावरून ओढ कळत नाही. त्यासाठी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पाहा आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मिळतो तेही पाहा. गर्दीत आपण इंजिन फार पिळत नाही, निम्म्या आरपीएमवरच बरंच चालवतो. सगळा टॉर्क ७५०० च्या आसपास येत असेल, तर तो मिळवायला सारखा गिअर खाली टाकावा लागेल. कमाल पॉवर तर सहसा त्याहूनही वरच्या आरपीएमला असते.

यानंतर वजनाचा हिशेब करा. तो बहुतेक जण करत नाहीत, आणि खरं उत्तर तिथेच असतं. समजा, १२५ ची गाडी ११८ किलोची आहे आणि टॉर्क ११ न्यूटन-मीटर. १५० ची १४२ किलोची, टॉर्क १३. टॉर्कमध्ये १८ टक्क्यांचा फरक दिसतो. आता दोन्हींवर ७० किलोचा माणूस बसवा: एकूण वजन १८८ आणि २१२ किलो. टॉर्कला वजनाने भागलं की फरक जेमतेम ५ टक्के उरतो! वाढलेली ताकद वाढलेल्या वजनानेच खाल्ली. मागे ६५ किलोचं माणूस बसलं की तो पुन्हा ८ टक्क्यांवर जातो. एकट्याने जाणाऱ्याने १२५ घ्यावी आणि रोज डबल सीट चढ चढणाऱ्याने १५० चा विचार करावा, असं मी म्हणतो ते यामुळे. तुमच्या गाड्यांचे आकडे घालून हे गणित नक्की करा.

गिअरचं प्रमाण मात्र या गणितात येत नाही. ते टेस्ट राइडमध्येच कळतं. रोज मागे बसणाऱ्यालाच सोबत न्या. तिसऱ्या गिअरमध्ये २५ च्या वेगाने जाताना हळूहळू ॲक्सिलरेटर द्या. इंजिन न ठोकता, न अडखळता गाडी पुढे सरकली पाहिजे. मग चढावर थांबून पुन्हा निघा. क्लच बराच वेळ अर्धवट धरावा लागला, तर ते इंजिन तुमच्या वाटेसाठी अपुरं आहे.

वेगाचंही पाहा. हवेचा अडथळा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६० वरून ८० वर गेलात तर ती सुमारे २.४ पट होते. रोज हायवेला लागणाऱ्याचं छोटं इंजिन सतत पिळलं जातं, हँडल आणि फूटरेस्ट थरथरत राहतात. अशा वापरात छोट्या इंजिनाचं ॲव्हरेजही अपेक्षेइतकं मिळत नाही. ५०-६० च्या वर फारसं जातच नसाल, तर हा मुद्दा सोडून द्या.

एवढं करूनही दोन्ही बरोबरीत उतरल्या, तर ब्रेक आणि टायर ज्या गाडीचे चांगले ती घ्या. तिथे सीसीचा विचारही करू नका. पैसे देण्याआधी एकदा सीटवर बसून पाय टेकतात का ते पाहा. मग इंजिन बंद ठेवून गाडी हाताने मागे ढकला. पार्किंगच्या दाटीतून ती रोज तुम्हालाच काढायची आहे.