टिग मशीन घेताना आधी ॲल्युमिनियमचं ठरवा

टिग मशीन (टंगस्टनच्या टोकाच्या विजेच्या ज्योतीने धातू जोडणारं वेल्डिंग मशीन) घेण्याआधी एवढंच ठरवा: ॲल्युमिनियम जोडायचंय का? असेल तर एसी (दिशा बदलत राहणारा करंट) आणि डीसी (एकाच दिशेचा करंट) दोन्ही देणारंच मशीन घ्या. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2,000 अंशांच्याही वर. तो एसीच फोडतो. नुसत्या डीसीवर खालचा धातू वितळतो आणि वर सुरकुतलेली साय तशीच राहते. फक्त लोखंड, स्टेनलेस करणार असाल तर डीसी पुरे.

मोठ्या अँपिअरला भुलू नका. 2 मिमी लोखंडी पत्र्याला साधारण 80 अँपिअर लागतात. उलट करंट किती खाली येतो ते बघा, पातळ पत्रा तिथेच वाचतो. करंट कमी-जास्त करायचं पायाचं पेडल जोडता येतं ना, हे नक्की विचारा. जोडाला हवेपासून वाचवणाऱ्या आर्गॉन वायूच्या सिलिंडरचा खर्चही आधीच धरा.