हिरवं भरपूर, तरी शेण पातळ

खानापूरकडं जुलैत पाऊस लागला की गवत वीतभर होण्याआधीच जनावरं माळावर सोडायची, ही आमची जुनी खोड. गेल्या पावसाळ्यात दोन्ही गायींचं शेण पाण्यासारखं झालं, डेअरीत दुधाची फॅट उतरली. मला वाटलं जंत. औषध पाजलं, फरक शून्य.

भानगड कोवळ्या गवतात होती. त्यात प्रथिनं भरपूर, पण ती कोठीपोटात (गायीच्या पोटाचा पहिला, मोठा कप्पा) इतकी झपाट्यानं फुटतात की त्यांचा अमोनिया होतो. त्यापासून तिथले सूक्ष्मजीव स्वतःची प्रथिनं बनवतात, पण त्याच वेळी त्यांना ऊर्जाही लागते. ती कमी पडली की उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि बराचसा मुतावाटे बाहेर. खाल्लेलं वायाच!

मग माळाचे तारेनं 4 तुकडे केले. गवत गुडघ्याला आल्यावरच आत, चार बोटं उरलं की बाहेर. सोडण्याआधी चोथ्यासाठी भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा (आई कुरकुरली, एवढं हिरवं असताना हे कशाला), धारेला ऊर्जेसाठी मक्याचा भरडा. आठवडाभरात शेण घट्ट झालं. फॅट सावकाश चढली.

दिवाळीनंतर मात्र उलटं. जून गवतात प्रथिनं 7 टक्क्यांखाली गेली की सूक्ष्मजीवच उपाशी राहतात. तेव्हा प्रथिनांसाठी पेंड चालू करतो.