शरीरातील यीस्टची वाढ कशी ओळखावी

कँडिडा हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी, निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यांत आणि योनिमार्गातही थोड्या प्रमाणात असतेच. मात्र प्रतिजैविकांमुळे उपयुक्त जिवाणू कमी झाले, मधुमेह आटोक्यात नसला किंवा रोगप्रतिकारशक्ती घटली, की ते बेसुमार वाढू शकते. मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या कपड्यांनिशी लोकलने लांबचा प्रवास करणाऱ्यांनी जांघ, काख आणि स्तनांखालची घडी कोरडी ठेवून रोज पाहावी : तेथे लालसर, खाजणारा चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर बारीक पुळ्या दिसल्यास यीस्टचा संशय घ्यावा (नायटा समजून अनेक जण येथेच फसतात). जिभेवर किंवा गालाच्या आत दह्यासारखा पांढरा थर, योनिमार्गात खाज, जळजळ आणि घट्ट पांढरा स्राव हीही लक्षणे होत. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांच्या तोंडात यीस्ट वाढू शकते, म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी पंपानंतर चूळ भरावी.

नुसता थकवा किंवा पोटफुगी यांचे खापर यीस्टवर फोडू नये. केमिस्टकडून स्टेरॉइडमिश्रित मलम परस्पर आणून लावणे तर सर्वांत वाईट, कारण त्याने खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते. डॉक्टर त्वचेचा खरवडा किंवा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्के करू शकतात. गर्भवतींनी फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची गोळी स्वतःहून घेऊ नये.