लोखंड कापायच्या आधी लिंकेज स्क्रीनवर फिरवून बघा

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात बेदाण्याची मशिनं बनवणाऱ्या बऱ्याच जणांची पद्धत एकच, मोटर आणायची, पट्टीला भोकं पाडायची, टॅक (तात्पुरतं वेल्डिंग) मारून फिरवून बघायचं, फिरलं तर ठीक नाहीतर ग्राइंडर आहेच. यात वाईट काही नाही, पण पट्टी महागलीय आणि वेल्डरचा दिवसही, आणि फुकटचं सॉफ्टवेअर हेच सगळं अर्ध्या तासात दाखवतं. फक्त सुरुवात थेट थ्रीडीपासून करू नका, तिथंच लोक अडकतात.

उदाहरण घेऊ. हॉपरमध्ये बेदाणा चिकटून बसतो, खाली येत नाही, म्हणून आत एक दांडी सारखी मागेपुढे हलत ठेवायचीय, समजा ५०-५५ अंश. गिअर मोटर तर एकाच दिशेनं फिरणार. म्हणजे फोर बार लागला, पिनांनी जोडलेल्या चार दांड्यांचं लिंकेज: मोटरवरचा क्रँक, मधली कनेक्टिंग दांडी, हलणारा रॉकर आणि चौथी 'दांडी' म्हणजे फ्रेम, दोन फिक्स पिनांमधलं अंतर.

लांब्या कागदावर आधी तपासा. सगळ्यात लहान अधिक सगळ्यात मोठी, ही बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा कमी पाहिजे, आणि सगळ्यात लहान दांडी क्रँकच असू दे. हा ग्रॅशॉफचा नियम. क्रँक ४०, कनेक्टिंग १२०, रॉकर ८०, फ्रेम १०० मिमी धरली तर १६० विरुद्ध १८०, पास. क्रँक पूर्ण फिरणार. पण पास झालं म्हणून लगेच कापायला घेऊ नका, पुढे बघा काय होतं.

आता जिओजेब्रा हे भूमितीचं फुकटचं सॉफ्टवेअर उघडा, ब्राउझरमध्येच चालतं. ए पॉइंट शून्यावर, डी त्याच्या उजवीकडं आडव्या रेषेत १०० वर. ए भोवती ४० त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्याच्यावर बी पॉइंट ठेवा, हा झाला क्रँकचा टोकाचा पिन. मग बी भोवती १२० चं वर्तुळ आणि डी भोवती ८० चं, ही दोन जिथं छेदतात तो सी. छेद दोन मिळतात, वरचा धरा, दुसरा लपवून टाका (ती दांड्या उलट्या बाजूला जोडलेली मांडणी आहे, मशिनला एकच लागते). रेषा जोडल्या की बी वर राइट क्लिक करून ॲनिमेशन चालू करा, झाली मशिन. फिरताना मधेच सी गायब झाला तर समजायचं की खऱ्या मशिनमध्ये तिथंच लिंकेज अडकणार, लांब्या जमत नाहीत.

पण नजर सी जवळच्या कोनावर ठेवायची, कनेक्टिंग दांडी आणि रॉकर यांच्यामधला, ट्रान्समिशन अँगल म्हणतात त्याला. अँगल टूलनं बी-सी-डी मोजायला लावा. ९० च्या आसपास असला की ढकललेला सगळा जोर रॉकर फिरवण्यात जातो, ४५ च्या खाली किंवा १३५ च्या वर गेला की जोर पिनावर दाबण्यात जातो, बुश (पिनाभोवतीची नळी) घासतात आणि मोटर गरम होते. वरच्या मापांना हा कोन एका जागी २६ अंशांपर्यंत पडतो. फिरतं छान, पण चिकट बेदाण्यात नक्की रडणार.

माप बदला: क्रँक ४०, कनेक्टिंग ११०, रॉकर ९०, फ्रेम १२०. आता कोन ४६ ते १०६ मध्ये राहतो आणि रॉकर ५४-५५ अंश हलतो, आपल्याला पाहिजे तेवढाच. आणखी एक गंमत स्क्रीनवर दिसेल, जाताना क्रँक साधारण १९१ अंश घेतो आणि येताना १६९, म्हणजे एक बाजूचा झोका थोडा फास्ट. हॉपरला फरक पडत नाही, पण ढकलणी किंवा फीडरचं काम असेल तर हळू बाजू कामाच्या दिशेला लावा.

जिओजेब्राचा कंटाळा आला तर विंडोजसाठी डेव्हिड रेक्टर यांचं 'लिंकेज' नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, त्यात पॉइंट टाकायचे, दांड्या जोडायच्या, एका पिनाला रोटेटिंग इनपुट द्यायचा, बस. पाच-सहा दांड्यांची गुंतागुंत असेल तर मला तेच सोपं वाटतं. इंजिनीअरिंगच्या पोरांनी आयआयटी दिल्लीचं मेकॅनालायझर बघावं, लांब्या भरल्या की वेग आणि त्वरणाचे ग्राफ येतात, व्हायवाला उपयोगी. आणि उलटा प्रश्न असेल, म्हणजे वस्तू अशा-अशा पोझिशनमधून गेली पाहिजे तर दांड्या किती, तर मोशनजेन वापरा, ते स्टोनी ब्रूक युनिव्हर्सिटीतून आलंय. फोर बारला गणितानं जास्तीत जास्त पाचच पोझिशन नेमक्या साधता येतात, त्यामुळं दहा देऊन रागावू नका.

थ्रीडी आता. फ्रीकॅड या फुकटच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये १.० पासून असेंब्ली वर्कबेंच (भाग एकत्र जोडायची जागा) आतच आलंय, पट्ट्या त्यात बनवा, रिव्हॉल्युट जॉइंट (पिनाभोवती फिरणारा सांधा) द्या आणि हातानं ओढून फिरवा. टूडीत दिसत नाही ते इथं दिसतं. आपल्याच उदाहरणात क्रँक एका टोकाच्या पोझिशनला आला की कनेक्टिंग दांडी बरोबर मोटरच्या शाफ्टवरून जाते! म्हणजे शाफ्ट क्रँकच्या बाहेर काढून पलीकडून बेअरिंग द्यायचा विचार सोडा, शाफ्ट क्रँकपाशीच संपला पाहिजे, नट पण बाहेर येता कामा नये. दांड्या वेगवेगळ्या थरात ठेवा, मधे वॉशर किंवा बुश.

जोर किती लागेल हे यातलं जिओजेब्रा किंवा लिंकेज सांगत नाही, फक्त हालचाल दाखवतात. त्यासाठी रॉकरच्या टोकाला वजनकाटा, तो हुकवाला, लावून माल भरलेल्या हॉपरमध्ये ओढून बघा, किलोला ९.८ नं गुणलं की न्यूटन, त्याला रॉकरच्या मीटरमधल्या लांबीनं गुणलं की रॉकरवरचा टॉर्क (फिरवायचा जोर). मोटर त्यापेक्षा चांगली दणदणीत घ्या.

शेवटी डीएक्सएफ (कटिंगसाठीची ड्रॉइंग फाईल) काढून कुपवाडला किंवा मिरज एमआयडीसीत लेझर कटिंगला द्यायची. देताना एक भोक-ते-भोक माप फाईलवर लिहून द्या आणि मिलिमीटर आहे हे तोंडानं पण सांगा, नाहीतर इंच समजून पट्टी पंचवीसपट मोठी उघडते आणि ऑपरेटर फोन करत बसतो. भोकं पिनाच्या मापापेक्षा थोडी लहान कापून घ्या आणि रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) मारून बसवा.