दंडाची बेटकुळी तुटली तर या चुका टाळा (मी केल्यात, म्हणून सांगतोय)

दिवाळीची आवराआवर चालली होती. लोखंडी कपाटामागची भिंत रंगवायची म्हणून मेहुणा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. त्याची पकड सुटली, कपाट माझ्याकडे कललं आणि मी ते उजव्या हातानं सावरायला गेलो. कोपर अर्धं वाकलेलं, वजन हात खाली ओढतंय आणि मी वर खेचतोय. कोपराच्या पुढच्या खळग्यात ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मेहुण्यालाही ऐकू आला.

दहा मिनिटं डोळ्यांपुढे अंधारी. मग ठणका उतरला, हात वाकायलाही लागला. मी डाव्या हातानं भिंत रंगवून पूर्ण केली. तिथूनच माझ्या चुका सुरू झाल्या.

"हात वाकतोय ना, मग काही नाही"

हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि इथं ते साफ फसवतं. आपण ज्याला बेटकुळी म्हणतो, तो बायसेप्स खाली एका जाड दोरीसारख्या टेंडननं कोपराच्या जरा पुढे, अंगठ्याकडच्या हाडाला जोडलेला असतो. ही दोरी हाडावरून उखडली तरी त्याच्या खालचा दुसरा स्नायू कोपर वाकवत राहतो. खरा फटका बसतो तो तळहात वर वळवण्याच्या ताकदीला. कुलपात किल्ली फिरवा, स्क्रू पिळा, ओला टॉवेल पिळा, लगेच कळेल. मला चौथ्या दिवशी बरणीचं झाकण उघडेना. बायको म्हणाली, "अहो, एवढंसं झाकण नाही उघडत?" मी झाकणालाच दोष दिला.

तोवर कोपराच्या आतल्या बाजूला पिकलेल्या जांभळासारखा डाग पसरला होता आणि बेटकुळी खांद्याकडे गोळा होऊन बसली होती. दोन्ही दंड आरशात शेजारी शेजारी बघितले असते तर त्याच दिवशी समजलं असतं.

डॉक्टर तपासताना एक सोपी गोष्ट करतात. कोपर ९० अंशात वाकवून तळहात पूर्ण वर करायला लावतात आणि कोपराच्या खळग्यातल्या ताठ दोरीखाली बाहेरच्या बाजूनं बोट आकड्यासारखं घालून बघतात. दोरी धड असेल तर बोट अडकतं. माझ्या हाताला अडकायला काही उरलंच नव्हतं. अर्धवट फाटलेली दोरी मात्र बोटाला लागते, त्यामुळे घरी बोट अडकलं म्हणून निर्धास्त राहू नका.

तेल, मालिश आणि "एक्सरे नॉर्मल आहे"

पहिले पाच दिवस आंबेहळदीचा लेप. मग कुणीतरी "नस चढलीय, उतरवून देतो" म्हणून दंड चोळून दिला. सूज दुप्पट. ताज्या दुखापतीवर चोळणं नको आणि शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, हात झोळीत, आणि बोटांतली अंगठी लगेच काढा. सूज चढल्यावर ती कापावी लागते.

एक्सरेत हाड दिसतं, फाटलेला टेंडन दिसत नाही. माझा एक्सरे स्वच्छ होता आणि "लचक आहे" म्हणून मला गोळ्या देऊन घरी धाडलं. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये खरं कळतं. आवाज आला होता, काळंनिळं झालंय, पिळताना ताकद नाही, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा. मी आवाजाचं सांगितलंच नव्हतं, कारण तोवर दुखणं थांबलं होतं.

शेजारचे काका म्हणाले, "माझीही बेटकुळी तुटली होती, ऑपरेशनशिवाय बरी झाली." खरं होतं त्यांचं, पण त्यांची तुटली होती वर, खांद्यापाशी. तिथं बायसेप्सला दोन मुळं असतात, एक तुटलं तरी दुसरं भार घेतं आणि उतारवयात बरेचदा ऑपरेशन लागत नाही. कोपराकडे एकच दोरी आहे. दोन्हींची तुलना करू नका.

वेळ घालवणं

सगळ्यात महाग चूक ही. साधारण दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं तर टेंडन ओढून मूळ जागी बसवणं सोपं जातं. नंतर तो आखडतो, आजूबाजूला चिकटतो, कधीकधी दुसरीकडचा टेंडन घेऊन जोड द्यावा लागतो. माझं सोळाव्या दिवशी झालं. हाडाला भोक पाडून धातूच्या छोट्या बटणानं टेंडन अडकवला.

ऑपरेशन न करणं हाही एक मार्ग आहे, विशेषतः वय जास्त असेल आणि काम बैठं असेल तर. पिळण्याची ताकद मात्र ढोबळमानानं ४० टक्क्यांनी कमी राहते. ते सर्जनशी बोलून ठरवा. चालढकलीत आपोआप ठरू देऊ नका.

दुखणं थांबलं म्हणजे जुळलं, हा समज

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात दुखणं जवळपास गेलं. खरी जोखीम त्याच दिवसांत असते, कारण टेंडन हाडाशी नीट जुळायला साधारण बारा आठवडे लागतात. सर्जनचा नियम एका वाक्याचा होता: सहा आठवडे या हातानं चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. मी बादली उचलली नाही, सिलिंडर उचलला नाही, स्कूटरला हात लावला नाही. पण पाचव्या आठवड्यात अंघोळीनंतर टॉवेल पिळला! कपापेक्षा हलकाच होता की. कोपरात चर्र झालं. सोनोग्राफीत जोड शाबूत निघाला, पण ब्रेस (कोपराला बांधलेला बिजागरीचा आधारपट्टा) दोन आठवडे वाढला आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच. वजनाइतकंच पिळणंही बंद, हे लक्षात ठेवा: दार, नळ, झाकण, पोळीची कणीक, सगळं.

याच्या उलटची चूकही होते. काही जण भीतीनं हात झोळीतून काढतच नाहीत. बोटं पहिल्या दिवसापासून हलवा, खांदाही सांगितल्याप्रमाणे फिरवा. मधुमेह असेल तर खांदा आखडायला वेळ लागत नाही. कोपर किती अंश सरळ करायचं ते ब्रेसच्या बिजागरीवर ठरवून देतात. घाई करून कुणाकडून ओढून घेऊ नका.

मनगटाकडे अंगठ्याच्या बाजूला बधिरपणा मला चार महिने होता. हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा जातं. बोटं किंवा अंगठा वर उचलताच येत नसेल, ताप आला, जखमेतून पू आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

तंबाखू आणि सिगारेट बंद. टेंडन तुटण्याचा धोका त्यानं वाढतो आणि जखमही उशिरा भरते. आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या अँटिबायोटिकनं काहींचे टेंडन कमजोर होतात. दुसऱ्या आजारासाठी औषध घेताना हाताचं ऑपरेशन झालंय हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

विम्याचे कागद जपून ठेवा. दाखल होण्याआधीचा एमआरआय आणि नंतरची फिजिओथेरपी ठरावीक दिवसांत असेल तर पुष्कळ पॉलिसींत मिळते, पण पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही लागतात. माझी एमआरआयची चिठ्ठी कपाटाच्या मागे पडली होती.

ती काढायला कपाट पुन्हा हलवावंच लागलं. या वेळी दोन हमाल बोलावले. त्यांनी पायांखाली ओलं पोतं सारलं आणि न उचलता दोन मिनिटांत कपाट बाजूला केलं.