टॉवरवरचा अपलोड कुठे मुरत होता

आम्ही टॉवरवरून ज्या गावाला नेट देतो, तिथून ओरड होती, संध्याकाळी नेट रांगतं. ५ गिगाहर्ट्‌झच्या लिंकचा सिग्नल ठणठणीत, पण टॉवरच्या राउटरवर अपलोड भरलेला, तोही पहाटे सगळे झोपलेले असताना! ट्रॅफिक उघडून पाहिलं तर जिकडेतिकडे यूडीपी पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं दार. बाहेरचं कुणीतरी आमच्या राउटरला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता, विचारत होतं. प्रश्न चिमूटभर, उत्तर पसाभर. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा, त्यामुळे उत्तरं आदळत होती भलत्याच कुणावर.

डीएनएस सरसकट बंद केला असता तर गिऱ्हाइकांचं नेट बसलं असतं. म्हणून फायरवॉलच्या इनपुट चेनमध्ये (खुद्द राउटरकडे येणाऱ्या ट्रॅफिकच्या नियमांची यादी) फक्त वॅनकडून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडून, येणारं यूडीपी आणि टीसीपी ५३ ड्रॉप केलं, म्हणजे उत्तर न देता टाकून दिलं. रिजेक्ट नको, त्यात पुन्हा नकाराचं उत्तर जातं, म्हणजे अपलोड खर्चच.

तरी आकडा हलेना. खरी गोम इथे होती. यादीत त्याच्या वर असलेला नियम एस्टॅब्लिश्ड, म्हणजे आधीच जुळलेली, कनेक्शन आत सोडतो, आणि हे जुने पाहुणे त्याच दारातून येत होते. राउटर चालू कनेक्शनची नोंद ठेवतो त्या कनेक्शन टेबलमधून ५३च्या नोंदी उडवल्या, तसा आलेख धाडकन खाली. जाता जाता राउटरमध्ये दुरून शिरायच्या वाटांपैकी टेलनेट बंद केलं, एसएसएच ऑफिसच्या आयपीपुरतं ठेवलं.