लिबियातील ज्यूंचा युद्धकाळ : शोध कुठून सुरू करावा

लिबियातल्या ज्यू कुटुंबाचा माग काढताना नवखे अभ्यासक थेट आउश्वित्झच्या याद्या उघडतात. नाव सापडले नाही, की ‘कुटुंब वाचले’ असे लिहून मोकळे होतात. हा त्या माणसांवर मोठा अन्याय आहे.

लिबिया तेव्हा इटलीची वसाहत होती. म्हणून आधी विचारा : १९४२ साली या घराकडे कोणत्या देशाच्या नागरिकत्वाचे कागद होते? बेनगाझीतले शेजारी त्यावरूनच वेगवेगळ्या दिशांना पाठवले गेले. फ्रेंच नागरिक आणि ट्युनिशियाचे प्रजाजन ट्युनिशियाकडे गेले; तिथे नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन येऊन पोचले. ब्रिटिश कागदवाल्यांना इटलीत चिवितेला देल त्रोंतो, बान्यो आ रिपोली अशा ठिकाणी ठेवले आणि इटली जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्यांतल्या अनेकांना जर्मनीतल्या बर्गेन-बेल्झेन छावणीत किंवा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुककडे नेले. यांचा शोध आरोल्झन अभिलेखागारात, म्हणजे नाझी छळाच्या बळींची कागदपत्रे जपणाऱ्या जर्मनीतल्या संग्रहात, घ्यावा. मात्र बर्गेन-बेल्झेनची बहुतेक दप्तरे एसएसने, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाने, नष्ट केली होती. नाव न मिळणे हा तिथे कशाचाच पुरावा नाही.

उरलेल्या, म्हणजे सिरेनाइकातल्या (बेनगाझीसह पूर्व लिबियातल्या) बहुसंख्य ज्यूंना त्रिपोलीच्या दक्षिणेला डोंगराळ भागातल्या जादो छावणीत कोंडले. सुमारे २,६०० माणसे होती; ५६२ मेली, बहुतेक प्रलापक ज्वराने (टायफसने) आणि उपासमारीने. छावणी इटालियनांची होती, म्हणून इथला शोध रोमच्या सरकारी दप्तरांत, याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारक संस्थेत आणि जेरुसलेमच्या बेन-झ्वी या संशोधन संस्थेत घ्यावा लागतो. त्रिपोलीचे पुरुष सिदी अझाझ आणि बुकबुक इथे सक्तमजुरीवर होते. त्यांना जादोच्या यादीत शोधण्यात वेळ घालवू नका.

जादो गावाचे नाव इटालियन कागदांत जी-आय-ए-डी-ओ, तर इतरत्र जे-ए-डी-ओ किंवा जे-ए-डी-यू असे दिसते. आडनावांचेही तेच, आरंभीचा एच गळलेला असू शकतो. प्रत्येक नावाची निदान चार रूपे आधी लिहून काढा, मग शोधायला बसा.

मौखिक साक्षी अमूल्य आहेत, पण त्यांत युद्धाच्या आठवणी आणि नोव्हेंबर १९४५ मधली त्रिपोलीची दंगल पुष्कळदा एकमेकींत मिसळतात. ‘तेव्हा शहरात राज्य कोणाचे होते?’ एवढे विचारले, तरी काळ बहुधा सुटा होतो, कारण जानेवारी १९४३ पासून तिथे ब्रिटिश होते.

स्मृतिदिनासाठी हिब्रू तारीख काढताना मृत्यूची वेळही पाहा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मृत्यू रात्री आठचा असेल, तर तारीख पुढच्या दिवसाची धरावी; नाहीतर घरचे दरवर्षी एक दिवस आधीच दिवा लावतील.